उभ्या रथातील गाण्याची बखर

॥ श्री ॥ विघ्ने वारणारा गजमुख आणि कंठी सूर ठेवणारी शारदा, उभयतांस साष्टांग दंडवत. तिसरी वीज, जी डोळ्यांस दिसत नाही आणि गेल्यावाचून जिची आठवण होत नाही, तिजला दुरूनच रामराम. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौष मास, शुक्ल पक्ष, ते समयी आमची भाची चिरंजीव शर्वरी, वास्तव्य साता समुद्रांपलीकडे, तिचा खलिता आम्हांस पावला. त्यात लेखन ऐसे की, "मामा, आईच्या गाण्याचं नक्की काय झालं? बाबा म्हणतात एकदम झकास झालं. आई त्यावर एक अक्षर लिहीत नाही. तू तिथं होतास. खरं काय ते सांग." त्यावरून घडले वर्तमान लिहितो. लिहिणार त्या राज्याचा प्रधान, राणीसाहेबांचा, म्हणजे शर्वरीच्या आईचा, पाठचा भाऊ. नाव लिहीत नाही, कारण नाव पुढे करावे ऐसे त्याच्या हातून काही घडले नाही, आणि जे घडले त्याखाली नाव घालावयाची हिंमत नाही.

राज्य ते कोणते, तर चार चाकांचे. पूर्वी तो शाळेची मुले वाहणारा टेंपो होता, मग महाराजांनी तो घेतला आणि आतली बाके उपटून टाकविली आणि दोन पलंग, एक शेगडी, एक मोरी आणि खिडक्यांस पडदे ऐसा सरंजाम करविला आणि बाहेरून मोरपंखी रंग दिला. त्या राज्यास नाव नाही, वेस नाही, जेथे हातब्रेक ओढावा तेथे राजधानी. माणसे तीन: महाराज विश्वंभरराव, राणीसाहेब इंदुमतीबाई आणि प्रधान. महाराज वीजखात्यात चौतीस वर्षे होते, हे ऐकून लोक बहुत दबत आणि घरचा पंखा बिघडला तरी सल्ला विचारावयास येत. परंतु महाराजांची नेमणूक आस्थापनेवर, रजेचे अर्ज आणि बदल्यांचे कागद यांजवर होती. चौतीस वर्षांत तारेस हात लागला तो एकदाच, निरोपसमारंभी हारातली तार बोटात घुसली तेव्हा. तथापि खात्यात बसल्याने वीज आपोआप अंगी मुरते, जैसी लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेली कैरी मुरावी, ऐसी महाराजांची समजूत जाहली होती, आणि ती मोडावयास कोणी गेले नाही. आम्ही तर नाहीच गेलो.

आता राणीसाहेबांचे वर्तमान. राणीसाहेब एकोणिसाव्या वर्षी गात होत्या आणि बरे गात होत्या ऐसे नव्हे, लोक उठून जाईनात ऐसे गात होत्या. त्या वर्षी कॉलेजच्या संमेलनात सकाळच्या बैठकीस त्यांणी तोडी गायली आणि तेथील पाध्येगुरुजींनी ती आपल्या मोठ्या चाकांच्या यंत्रावर उतरवून घेतली. त्याच महिन्यात महाराजांकडील मंडळी पाहावयास आली आणि पुढील महिन्यात लग्न जाहले, आणि गाणे राहिले. कोणी बंद करविले ऐसे नाही. कोणी विचारले नाही, इतकेच, आणि तेवढ्याने ते बंद जाहले. मग पंचेचाळीस वर्षांनी गुरुजी वारल्यावर त्यांच्या लेकीने माळा आवरिला आणि ती फीत सापडली आणि तिने ती कॅसेटीवर उतरवून राणीसाहेबांस पाठविली आणि सोबत चिठ्ठी लिहिली की, मूळ फीत उतरवतानाच तुकडे होऊन गेली, आता ही एवढीच आहे, आणि ही कॅसेटही जुनीच घरात होती ती वापरली आहे, फार वेळा लावू नका. राणीसाहेबांनी आपला आवाज जन्मात ऐकला नव्हता. बैठक संपताच त्या पाहुण्यांसाठी पोहे करावयास घरी गेल्या होत्या. कॅसेट हाती धरून त्या आम्हांस बोलिल्या, "अरे, लोक म्हणायचे छान, छान. पण मी सुरात होते का, ते मला कुणी सांगितलंच नाही. आता माझं मीच ऐकीन."

परंतु त्याच वर्षी श्रावणात कानांचे वैद्यांनी तपासणी करून निकाल दिला की, डावा कान तो गेला आणि उजव्याची नस वाळत चालली आहे, दिवाळीपर्यंत टिकेल, फार तर त्यापुढे पंधरा दिवस. यंत्र लावून बोललेले थोडके कळेल, तेही पुढे नाही. बाहेर येऊन राणीसाहेब महाराजांस म्हणाल्या, "अहो, घरी साधा टेप असता तर आजच लावला असता. भावाकडे आहे त्याचा आणूया का?" येथे महाराजांस बहुत कळवळा आला. हे न्यायाने लिहिले पाहिजे, कळवळा खरा होता आणि डोळ्यांत पाणीही आले. महाराज बोलिले, "साधा टेप? तुझं गाणं आणि डबड्यावर ऐकायचं? आणि तुझ्या कानाला मोठा आवाज लागणार. मी असा साउंड लावतो की एक एक श्रुती वेगळी ऐकू येईल. तू फक्त बघ." मग त्यांणी कॅसेट आपल्या कपाटात ठेवून किल्ली जानव्यास बांधिली, आणि राणीसाहेब फक्त बघत राहिल्या.

घरी मोठा आवाज लावावा तर इमारतीत खालच्या मजल्यावर बाळंतीण आणि वरच्या मजल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी, ऐसे दोन्ही बाजूंनी शत्रू. मग मसलत ठरली की, चाकांचे राज्य घेऊन घाटमाथ्यावरील पठारी जावे आणि तेथे रथ उभा करून गाणे ऐकावे. महाराजांनी जुन्या बाजारातून थोरला कॅसेट डेक आणिला आणि हत्तीच्या पायाएवढे दोन स्पीकर आणिले आणि पलंगाखाली घुमावयास तिसरा आणिला आणि त्या सर्वांस बळ देणारा ॲम्प्लिफायर आणिला, जो लग्नाच्या वरातीस पुरून उरता. राणीसाहेबांचा पलंग त्या तिसऱ्या स्पीकरापायी वीतभर उंच जाहला आणि त्यांस चढावयास पाट ठेवावा लागला. आता या सर्वांस अन्न काय, तर वीज. आणि उभ्या रथात वीज कोठून, तर बॅटरीतून. रथात बॅटऱ्या दोन होत्या. एक इंजिनाची, जी फक्त रथ सुरू करावयास. दुसरी घरची, दिवे पंखा गाणे यांसाठी. दोहींच्या मध्ये गाडी बांधणाऱ्या कारागिराने मुठीएवढी एक डबी बसविली होती, तिचे काम पहारेकऱ्याचे: इंजिन चालू असता दार उघडावे आणि दोन्ही बॅटऱ्या भराव्या, इंजिन बंद होताच दार लावावे, म्हणजे घरचे कितीही खाल्ले तरी इंजिनाच्या वाटणीस हात लागू नये. कारागीर जाताना आम्हांस बजावून गेला होता, "साहेब, ही डबी म्हणजे गाडीचा शहाणपणा. हिला हात लावू नका." आम्ही मान हलविली होती.

मग आश्विन लागला आणि अष्टमीस राज्य पठारी पोचले आणि राणीसाहेब सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, खुर्ची टाकून बसल्या. परंतु महाराजांनी आधी चाचणी आरंभिली. एका पेनड्राइव्हवर नगारे, मेघगर्जना, आगगाडी, काच फुटणे ऐसे नाना आवाज होते, ते एकामागून एक लावून महाराज कधी पुढे कधी मागे उभे राहत आणि मान डोलवीत. पाऊण तासाने आगगाडी बोगद्यात शिरली ती बाहेर आली नाही. घरची बॅटरी उतरली. इंजिन चालू ठेवावे तर त्याची घरघर, आणि राणीसाहेबांचा उरला कान घरघर आधी धरी आणि सूर मागून. तेव्हा महाराजांनी मसलत केली की, इंजिनाची बॅटरी भरलेली नुसती बसून आहे, एका राज्यात दोन कोठारे आणि एक कुलूपबंद, हा कोठला न्याय? आणि आम्हांस हुकूम जाहला की, ती मधली डबी काढून टाक आणि जाड तारेने दोन्ही बॅटऱ्या जोडून दे. आम्ही भीत भीत बोलिलो, "भाऊजी, कारागीर म्हणाला होता—" महाराज बोलिले, "चौतीस वर्षं वीजखात्यात कोण होतं? तो का मी?" राणीसाहेबांनी आमचेकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ आम्हांस कळला, आणि तरी आम्ही दहा नंबरचा पाना घेऊन खाली वाकलो आणि डबी काढिली आणि जाड तार आवळून दिली. मग दोन्ही बॅटऱ्या भराव्या म्हणून दोन प्रहर इंजिन चालविले, आणि गाणे उद्यावर गेले, कारण ऊन चढल्यावर तोडी नको ऐसे राणीसाहेब म्हणाल्या.

दुसरे दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी ज्याचे जे हत्यार त्याची त्याने पूजा करावी आणि दसऱ्याची पूजा होईतो त्यास हात लावू नये, हत्यारांस विसावा द्यावा, हा आपला रिवाज थोर आहे. महाराजांनी पहाटे पाट मांडिला आणि त्यावर पाने, पक्कड, टेस्टर, आणीबाणीच्या जोडतारा आणि काढिलेली ती डबी, ऐसे सर्व ओळीने ठेविले आणि हळदकुंकू वाहिले आणि झेंडूची फुले घातली आणि नारळ फोडिला. मग देवीची आरती थोरल्या आवाजात लाविली, एक जाहली, दुसरी जाहली, मग महाराजांस वाटले घुमारा अजून चढावा, म्हणून तिसरी लाविली. आरत्या आणि नगारे मिळून दीड तास जाहला. राणीसाहेब दोनदा बोलिल्या, "अहो, आता लावा ना." महाराज म्हणाले, "थांब गं, आवाज तापू दे."

मग कॅसेट निघाली, आणि महाराजांनी ती हाती न देता स्वतःच डेकात सारिली, आणि राणीसाहेबांनी उजवा कान पुढे केला आणि डोळे मिटिले. प्रथम फितीचा खरखराट जाहला. मग तंबोरा आला. मग गर्दीतले कोणी खोकले, आणि एक मुलगी घसा साफ करिते ऐसे ऐकू आले, आणि राणीसाहेब एकदम हसल्या आणि म्हणाल्या, "ही मी!" चौसष्टाव्या वर्षी त्या ऐशा हसल्या की आम्ही त्यांस लहानपणी पाहिले होते तैशा दिसल्या. आणि त्याच क्षणी तंबोरा खाली उतरू लागला, उतरत उतरत रेड्यासारखा जाहला, आणि दिवे पिवळे पडले, आणि ॲम्प्लिफायराने खट्ट करून दम टाकिला. गाण्याचा पहिला सूरही आला नाही.

आम्ही धावलो. अजून थोडकी धुगधुगी होती, ती जाड तार सोडविली असती तर इंजिनापुरते काही उरते. पाना पाटावर होता, कुंकवाखाली. आम्ही हात पुढे केला तो महाराज गर्जले, "हात लावू नकोस! पूजेतलं आहे." आम्ही बोलिलो, "भाऊजी, पाच मिनिटांचं काम आहे, मग परत ठेवू." महाराज बोलिले, "देवाधर्मात पाच मिनिटं नसतात." आणि आम्ही हात मागे घेतला. चिरंजीव, इतिहासात लढाया फौजांनी हरल्याचे लिहितात. येथे एक हात वीतभर मागे आला आणि सर्व गेले. मग किल्ली फिरविली, तो इंजिन हूं म्हणेना. कॅसेट डेकाच्या पोटात अडकून बसली, कारण तो डेक विजेवाचून तोंडही उघडत नाही.

इतक्यात खालच्या वाडीचे सर्जेराव दूध घालून परत येत होते, त्यांणी आपला पिकअप थांबविला. गाडीच्या तोंडावर झेंडूची माळ होती. त्यांणी सर्व पाहिले आणि म्हणाले, "काय पावनं, बॅटरी बसली वाटतं. जोडायच्या वायरी हायत्या माझ्याकडं. लावू का?" महाराज बोलिले, "आज खंडेनवमी. आज हत्यार चालवायचं नाही." सर्जेराव बोलिले, "ते बरोबर हाय. आमीबी कोयतं, इळं समदं पुजलंय. पर अडल्यानडल्याला देव काय म्हनत न्हाई बघा. आन माझी गाडी तर मी पुजूनच काढली, दूध काय थांबतंय व्हय?" राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, लावू द्या ना त्यांना." महाराजांनी उत्तर केले, "नको. आमचं आम्ही बघू." चौतीस वर्षे वीजखात्यात काढून दुधाच्या गाडीकडून वीज घ्यावी, हे महाराजांस मानवले नाही, देव मध्ये उगाच धरिला होता. सर्जेरावांनी राणीसाहेबांकडे पाहिले, आणि दोन लिटर दूध पायरीवर ठेवून गेले. ते दूध राणीसाहेबांनी तापविले, आणि आम्ही तिघांनी चहा घेतला.

दुसरे दिवशी दसरा, यथासांग पूजा होऊन हत्यारे उठली, आणि महाराजांनीच आम्हांस वाडीत पाठविले की, त्या दूधवाल्यास आण. सर्जेराव आले आणि तारा लाविल्या आणि रथ एका झटक्यात सुरू जाहला आणि ते सोने म्हणून आपट्याची पाने देऊन गेले. डेकाने कॅसेट बाहेर टाकिली तो फीत दोन बोटे बाहेर लोंबत होती आणि चुरगळली होती. राणीसाहेबांनी ती करंगळीने गुंडाळून घेतली आणि बोलिल्या, "इंजिन चालू आहे तर चालू राहू दे. घरघर चालेल मला. आत्ताच लावा." महाराज बोलिले, "आता नाही. आता हे नीट करायचं. एकदा नाक कापलं गेलं, पुन्हा नाही." नाक कोणाचे आणि कान कोणाचा, याचा विचार राज्यात कोणी केला नाही.

मग महाराजांनी शहरातील एका कारागिराकडे कॅसेट नीट करावयास दिली. तो भला माणूस आम्हांस म्हणाला, "साहेब, मी हे कॉम्प्युटरवर घेऊन मोबाइलमध्ये टाकून देतो, कायमचं राहील." आम्ही महाराजांस फोन केला. महाराजांनी त्या दिवसांत आवाजाविषयी तीन ग्रंथ वाचिले होते. ते म्हणाले, "मोबाइलमध्ये? मूळ फितीचा आवाज तो आवाज. सांग त्याला, हात लावू नकोस." आम्ही तैसे सांगितले. पंधरा दिवसांनी, नरकचतुर्दशीच्या आदले दिवशी, कॅसेट नीट होऊन आमच्या हाती आली. महाराज तेव्हा खाली रथाच्या छतावर सूर्याच्या पाट्या बसवून घेण्यात गुंतले होते. नवी बॅटरी, नवे यंत्र, नवा पहारेकरी, विजेचे बळ सांगणारी लाल आकड्यांची खिडकी, ऐसी थोर मोहीम चालली होती. आम्ही जिन्यात होतो तो राणीसाहेब दारात आल्या आणि हळू बोलिल्या, "आणलीस? तुझ्या घरी टेप आहे ना? चल ना आत्ता. ह्यांना नको सांगूस. चौदा मिनिटांचं काम आहे. परवापासून मला कुकरची शिट्टी लांबून आल्यासारखी येते रे."

चिरंजीव, येथे खरे सांगतो, तू मागितलेस म्हणून. आमचे घर रस्त्यापलीकडे. टेप फडताळात, चालू. आणि आम्ही बोलिलो, "ताई, भाऊजी चिडतील गं. दिवाळीचं घर आहे. आणि आता दहाबारा दिवसांचाच प्रश्न आहे." त्या म्हणाल्या, "बरं." मग आत गेल्या आणि चकलीचा सोऱ्या धुऊ लागल्या. आम्ही खाली रथाकडे जाऊन कॅसेट महाराजांच्या हाती दिली आणि महाराजांनी शाबासकी दिली. महाराजांचा कोप आम्ही लहानपणापासून नव्हे, त्यांच्या लग्नापासून पाहत आलो, तो काही वाघ नव्हे. दोन दिवस अबोला, इतकेच होते. तेवढ्याचे भय धरिले.

कार्तिक शुद्ध दशमीस सकाळी राणीसाहेब स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि आम्ही शेंगा सोलत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "अरे, पाणी गेलं का रे? नळाला आवाज नाही." नळ चालू होता, बादली भरून वाहत होती आणि पाणी त्यांच्या पायांवर येत होते. त्यांणी खाली पाहिले, मग नळाकडे पाहिले, मग नळ बंद केला आणि पुन्हा उघडिला. मग आमचेकडे वळल्या आणि आम्ही काही बोललो ते त्यांस कळले नाही. वैद्यांनी दुसरे दिवशी पाहून मान हलविली. महाराज त्या दिवशी बहुत रडले, आणि दुसरे दिवशी आम्हांस म्हणाले, "डॉक्टरांना काय कळतंय. एवढ्या पॉवरपुढं दगडसुद्धा ऐकेल." आणि मोहीम दुप्पट वेगाने चालली. राणीसाहेबांसाठी एक वही केली, तीत लिहून बोलायचे.

मार्गशीर्षातल्या पहिल्या पंधरवड्यात सर्व सिद्ध जाहले आणि राज्य पुन्हा पठारी गेले. ऊन स्वच्छ होते आणि छतावरच्या पाट्या भरभरून पीत होत्या. राणीसाहेब चंदेरी नेसल्या, कानात यंत्र घातले आणि थोरल्या स्पीकरापुढे हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसल्या. त्यांस आशा होती. आम्ही पाहिले की होती. महाराजांनी कॅसेट सारिली आणि खिडकीतले लाल आकडे पाहत उभे राहिले. तंबोरा आला, खोकला आला, मुलीने घसा साफ केला आणि मग तोडी सुरू जाहली आणि सर्व पठार भरून गेले. गवतातले पक्षी उडाले. खालून दुधाचा पिकअप येत होता तो थांबला आणि सर्जेराव उतरून उभे राहिले. चार मिनिटे जाहली, पाच जाहली, आवाज वर चढत गेला. राणीसाहेब डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, शांत बसल्या होत्या. मग त्यांणी डोळे उघडिले आणि महाराजांस म्हणाल्या, "लावा ना आता. ऊन चढलं की तोडीला मजा नाही."

महाराजांनी ऐकले नाही, आवाजच तेवढा होता. आम्ही वही घेतली आणि लिहिले, लागलंय, आणि पुढे केली. त्यांणी ते वाचले. मग स्पीकराकडे पाहिले, मग सर्जेरावांकडे पाहिले. सर्जेराव जवळ येऊन आमच्या कानाशी ओरडले, "कोन गातंय?" आम्ही राणीसाहेबांकडे बोट केले. त्या मनुष्याने टोपी काढिली आणि त्यांस हात जोडिले. राणीसाहेबांनी उलट हात जोडिले आणि उरलेली आठ मिनिटे तैशाच बसल्या, पाहुण्यांपुढे बसावे तैशा. गाणे संपले, टाळ्या जाहल्या, त्या पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या. मग त्या महाराजांस म्हणाल्या, आणि आवाज आता त्यांचा त्यांस कळत नसल्याने मोठ्याने म्हणाल्या, "सुरात होते का हो मी? वरच्या सा ला पोचले होते का?" महाराजांचे तोंड उजळले होते. त्यांणी वही ओढून घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिले, तेरा पूर्णांक दोन व्होल्ट! शेवटपर्यंत एक पॉइंटसुद्धा उतरला नाही!

राणीसाहेबांनी ते दोनदा वाचिले. मग वही आमचेकडे दिली. आम्ही लिहिले, होतीस ताई, पोचली होतीस. त्या हसल्या, आमच्या गालावर चापट मारिली आणि म्हणाल्या, "तुला कुठे रे सुरातलं कळतं?" आणि ते खरे आहे. राज्यातल्या दोन पुरुषांपैकी एकास आकडा कळतो आणि दुसऱ्यास तोही नाही, आणि सर्जेरावांनी टोपी काढिली परंतु षड्ज कोठे लागला हे ते काय सांगणार. नंतर राणीसाहेबांनी चंदेरीचा पदर खोचला आणि तांदूळ धुतले.

येणेप्रमाणे वर्तमान. तात्पर्य इतकेच की, आता राज्यात विजेची ददात नाही. उभ्या रथात पाहिजे तितका वेळ गाणे वाजते, आणि बॅटरीचे बळ दाखवावयास महाराज येईल त्या पाहुण्यास ती कॅसेट लावून दाखवितात, आणि दर खेपेस फीत थोडी झिजते. परवा वरचा सूर मला फाटल्यासारखा वाटला, परंतु माझे वाटणे ते काय. म्हणोन काल महाराज अंघोळीस गेले असता कॅसेट काढून घेतली, ती या खलित्यासोबत पाठविली आहे. अबोला होईल तो होईल. तू सात वर्षे गाणे शिकलीस, तुला कान आहे. एकदाच लाव, नीट ऐक, आणि आईला पत्र लिही की ती सुरात होती की नव्हती. नसली तर नव्हती म्हणून लिही. खोटे तिला अक्षरावरून कळते. लेखनसीमा.